बरं आहे आता

"पण नियम कुठला कमी पडला, एवढं तरी सांगाल का?"

शाल्मलीनं हे तिसऱ्यांदा विचारलं होतं.

दिगंबरशास्त्री बाज विणत होते. त्यांनी काथ्याच्या दोरीचं टोक तिच्या हातात दिलं.

"ताणून धर."

तिनं एका हातानं दोरी धरली, दुसऱ्या हातानं मांडीवरचा लॅपटॉप सावरला. पहाटेच्या गाडीनं पुणं सोडून, दोन एसट्या बदलून, शेवटचे तीन किलोमीटर उन्हात तुडवत ती गंगाथडीच्या या मठात पोचली होती. ती काही बाज विणायला आली नव्हती.

मठ म्हणजे दोन खोल्या, पुढं एक कडुलिंब आणि मागं भाजीचे चार वाफे. शास्त्री तरुणपणी अकरा वर्षं काशीला राहून न्यायशास्त्र शिकून आले होते. न्याय म्हणजे कोर्टकचेरीतला नव्हे. माणसाला एखादी गोष्ट कळते म्हणजे नक्की काय होतं, एका गोष्टीवरून दुसरी ताडायची कशी आणि ताडताना माणूस फसतो कुठं, याचं ते शास्त्र. गावात त्याचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता. गावकरी त्यांच्याकडे बाजा विणून घ्यायला येत.

तीन वर्षांपूर्वी शाल्मली ढवळे पहिल्यांदा इथं आली, तेव्हा तिला यंत्राला विचार करायला शिकवायचं होतं. नुसतं पोपटासारखं बोलणारं यंत्र तिला नको होतं. 'का?' असं विचारलं की पायरी पायरीनं कारण सांगणारं हवं होतं. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथं आग आहे. पण तो धूरच कशावरून? धुकं नसेल कशावरून? चार महिने ती दर शनिवारी येत होती आणि शास्त्री सांगतील ते वहीत उतरवून घेत होती. शेवटच्या दिवशी तिनं ऐटीत सांगितलं होतं, "शास्त्रीबुवा, तुमचं सगळं शास्त्र मी यंत्रात घातलं."

"सगळं?"

"सगळं."

"बरं झालं," शास्त्री म्हणाले होते. "मी मोकळा झालो."

तेव्हा ती हसली होती. आज तिला हसू येत नव्हतं.

"पुन्हा सांगते," ती म्हणाली. "नीट ऐका. आमचं यंत्र आरोग्याच्या हेल्पलाइनवर फोन घेतं. माणूस आपला त्रास सांगतो, यंत्र प्रश्न विचारतं, उत्तरं मांडून ठेवतं आणि त्यावरून ठरवतं, रुग्णवाहिका पाठवायची की नाही. चौदा महिन्यांत लाखावर फोन झाले. बावीस दिवसांपूर्वी, दुपारी चार वाजता एका वस्तीवरून एका बाईचा फोन आला. यंत्रानं ठरवलं, गाडीची गरज नाही. दिवेलागणीला ती गेली. हृदयाचा झटका."

"नाव?"

"हृदयविकाराचा..."

"बाईचं."

शाल्मलीनं पडद्यावर पाहिलं. "गोदावरी लहानू शेळके. वय सदुसष्ट."

"घरी कोण होतं?"

"नोंदीत नाही."

"फोन तिचा स्वतःचा, का शेजाऱ्याचा?"

"नोंदीत नाही! शास्त्रीबुवा, त्यानं काय फरक पडतो? चौकशी समिती बसली. त्यांनी एकेक पायरी तपासली. सगळ्या बरोबर. यंत्राची चूक नाही असं कागदावर लिहून दिलं. साहेबांनी मला पेढा दिला."

"खाल्लास?"

तिनं नजर पडद्यावर वळवली.

शास्त्रींनी दोरी बाजेच्या दांडीखालून काढून वर घेतली, पुन्हा तिच्याकडे दिली.

"सगळ्या पायऱ्या बरोबर, तर मग इथं कशाला आलीस?"

"कारण ती मेली ना!"

कडुलिंबावरचा कावळा उडाला. शाल्मलीला आपल्या आवाजाची लाज वाटली, पण राग काही उतरला नाही. बावीस दिवस ती त्याच नोंदी वाचत होती. अकरा नवे नियम लिहिले आणि अकराच्या अकरा खोडले. शेवटचा आधार म्हणून या म्हाताऱ्याकडे आली, तर त्याचं सगळं चित्त दोरीत.

"बाई काय म्हणाली ते वाच," शास्त्री म्हणाले.

तिनं वाचलं. "प्रश्न: छातीत दुखतं का? उत्तर: नाही, तसं काही नाही. प्रश्न: श्वास घ्यायला त्रास होतो का? उत्तर: नाही. प्रश्न: घाम येतो का? उत्तर: उन्हाचा येतोच की. प्रश्न: आणखी काही त्रास? उत्तर: बरं आहे आता, उगं फोन लावला." तिनं मान वर केली. "झालं. एवढंच."

"हे तर कागदावरचं झालं. आवाज आहे का?"

आवाज होता. शाल्मलीनं तो चाळीस वेळा ऐकला होता. तिनं कळ दाबली. आधी यंत्राचा स्वच्छ, गोड आवाज आला. मग एक थकलेला, जरा ओशाळलेला बायकी आवाज. पाठीमागं कुठंतरी शेळी ओरडत होती.

शास्त्री डोळे मिटून ऐकत राहिले. हात दोरीवर तसाच.

"पुन्हा लाव. छातीत दुखतं का, तिथून."

तिनं लावलं.

*छातीत दुखतं का?*

...

*नाही, तसं काही नाही.*

"तिथं मधे काय आहे?"

"कुठं?"

"प्रश्नाच्या पुढं नि उत्तराच्या अलीकडं."

"तिथं काही नाही. गप्प आहे ती."

"यंत्रानं काय लिहिलं?"

"काही नाही."

"'काही नाही' असं लिहिलं, का काहीच लिहिलं नाही?"

शाल्मलीनं पडद्यावर बोट ठेवलं. प्रश्न, त्याखाली उत्तर. दोन्हींच्या मधे एक ओळसुद्धा मोकळी नव्हती.

"अभाव," ती पुटपुटली. "तुम्हीच शिकवलं होतं. जमिनीवर घडा नाही, हेही आपण पाहतोच. नसणं हीदेखील कळण्यासारखी गोष्ट आहे."

"मी शिकवलं होतं?"

"हो. यंत्रातही घातलंय."

"वा," शास्त्री म्हणाले, आणि दोरीची गाठ दातांनी आवळली.

तिची बोटं चालू झाली होती. एका हातानं टाईप करणं जमत नव्हतं, तरी ती करत होती.

"काय लिहितेस?"

"नियम. छातीच्या प्रश्नानंतर चार सेकंदांहून जास्त वेळ गप्प, तर..." ती थांबली. लिहिलेलं तिनं स्वतःच खोडलं. "नाही. जमणार नाही. मग रेंज नसलेला प्रत्येक माणूस आजारी ठरेल. तंबाखूची चिमूट तोंडात धरलेला प्रत्येक म्हातारा आजारी ठरेल."

"ठरेल."

"मग काय करू?"

"दोरी ढिली पडली."

तिनं दोरी ओढली. जरा जास्तच जोरानं ओढली.

शास्त्री पुढचा फेर घालू लागले.  मग त्यांनीच विचारलं, "बाई खोटं बोलली?"

"नाही," शाल्मली पटकन म्हणाली. "मी तिच्या घरी जाऊन आले. खोटं बोलणारी बाई नव्हती ती. सून सांगत होती, 'आमच्या आत्याबाईंचं कायम बरंच असायचं. ताप असला तरी बरंच, हात भाजला तरी बरंच.'"

"म्हणजे खरं बोलली."

तिनं पडद्यावरची नोंद पुन्हा वाचली.

"खरं बोलली का, पोरी?"

"नाही."

"खोटं नाही, खरंही नाही. मग बोलली काय?"

"ते यंत्रात मांडता येत नाही!" ती कळवळून म्हणाली. "माझ्याकडे दोनच खण आहेत, शास्त्रीबुवा. आहे, नाही. फार तर तिसरा, माहीत नाही. 'बरं आहे' हे मी कुठल्या खणात टाकू? ज्याला खरंच बरं वाटतंय तो काय म्हणेल? तोही 'बरं आहे'च म्हणेल ना?"

"म्हणेल."

"तुम्ही नुसतं म्हणेल, ठरेल करू नका. काहीतरी सांगा."

शास्त्रींनी हातातलं काम थांबवलं. ती आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांखाली काळं, केस कसेतरी बांधलेले, ओठ सुकलेले.

"तिनं सांगितलेलं सगळं तू मांडलंस," ते म्हणाले. "तिनं केलं काय, ते कुठं मांडलंस?"

"काय केलं तिनं?"

"फोन केला."

शाल्मलीला क्षणभर ते कळलंच नाही.

"ते काय मांडायचं? फोन आला म्हणून तर यंत्र चालू होतं. तो गृहीत धरलेलाच असतो."

"धरलेला असतो," शास्त्री म्हणाले. "ज्या बाईचं जन्मभर बरंच होतं, तिनं भर दुपारी उठून फोन केला. धरलेलाच असतो म्हणून कुणाला दिसला नाही."

ऊन बाजेच्या कडेवर आलं होतं. शाल्मली त्या उन्हाकडे बघत राहिली. हेच ते, असं तिला वाटलं. नियम सापडला! आणि पुढच्याच क्षणी तिच्या लक्षात आलं की काहीसुद्धा सापडलेलं नाही. तिचा संताप पायाच्या नखापासून वर चढला.

"सगळेच फोन करतात, शास्त्रीबुवा! ज्याच्या पोरानं बटण गिळलं तो करतो. ज्याला झोप येत नाही तो करतो. ज्याला नुसतं कुणाशी बोलायचंय तोही करतो. दिवसाला तीनशे फोन, नि जिल्ह्याला गाड्या नऊ. फोन केला म्हणून सगळ्यांवर संशय घेऊ? मग जिला ठणठणीत बरं वाटतंय तिच्या दारात गाडी उभी राहील, नि तिकडं बाळंतीण रस्त्यात पडेल! तिला काय सांगू? तिच्या घरी कुणी जायचं? तुम्ही जाल?"

बोलता बोलता तिनं हातातली दोरी फेकली.

ताण सुटला. सकाळपासून विणलेल्या ओळी एकामागून एक ढिल्या होत गेल्या आणि बाजेचा अर्धा भाग झोळीसारखा खाली लोंबला.

दोघंही त्याकडे पाहत राहिले.

शास्त्री रागावले नाहीत. हसलेही नाहीत. त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं कपाळ पुसलं, खाली बसले आणि पहिल्या ओळीपासून दोरी पुन्हा आवळायला सुरुवात केली.

 मग लॅपटॉप मिटून तिनं कट्ट्यावर ठेवला, पुढं आली आणि त्यांच्यासमोर उकिडवी बसली. जमिनीवर पडलेलं टोक तिनं उचललं. या वेळी दोन्ही हातांनी धरलं.

"मी तिथं असते तर..." ती अगदी हळू म्हणाली. "फोन मी घेतला असता तर मला कळलं असतं का?"

शास्त्री ओळ आवळत होते.

"कदाचित," ते म्हणाले. "कदाचित नाही."

"तुम्हाला?"

"मला माझ्या भावाचंही कळलं नव्हतं. शेजारच्या खोलीत होता."

तिनं चमकून वर पाहिलं. शास्त्रींची नजर दोरीवरच होती. या माणसाला भाऊ होता हेही तिला ठाऊक नव्हतं. चार महिन्यांच्या शनिवारांत तिनं वह्याच्या वह्या भरल्या, पण हे कधी विचारलं नव्हतं.

"काय झालं होतं त्यांना?"

"तेच तर," शास्त्री म्हणाले, आणि पुढं काही बोलले नाहीत.

मग दोघांनी मिळून बाज पुरी केली. बोलणं असं झालंच नाही. "वर." "सोड." "धर." एवढंच. काथ्यानं तिचे तळवे लाल झाले, एका बोटात कुसळ गेलं. शेवटची गाठ मारून शास्त्रींनी बाज उलटी केली, चारही पायांवर उभी केली, मधे तळहात दाबून पाहिला आणि समाधानानं मान हलवली. मग कंबरेवर हात ठेवून ते आत गेले.

शाल्मली कट्ट्यावर टेकली. अंगातला राग ओसरला होता आणि राग ओसरल्यावर अंगात दुसरं काही उरलंच नव्हतं, असं तिला वाटत होतं. आतून भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला. चुलीचा धूर दारातून बाहेर आला.

"जेवलीस का गं?" शास्त्रींनी आतून विचारलं.

"हो. एसटी स्टँडवर खाल्लं."

आतला आवाज थांबला नाही.

थोड्या वेळानं शास्त्री ताट घेऊन बाहेर आले. ज्वारीची भाकरी, वर लसणीची फोडणी घातलेली अंबाडीची भाजी, कडेला मिरचीचा ठेचा. त्यांनी ताट नव्या बाजेवर तिच्यासमोर ठेवलं, पाण्याचा तांब्या भरून आणला आणि स्वतः खाली मांडी घालून बसले.

ताट एकच होतं.

"शास्त्रीबुवा," ती म्हणाली, "मी जेवलेय. आत्ताच सांगितलं ना तुम्हाला."

"ऐकलं," शास्त्री म्हणाले. "भाकरी गरम आहे तोवर खा."