सहा रुमाल आणि एक मल्लखांब

मल्लखांबावर चढायचं तर मनगटात साधा दोरासुद्धा ठेवायचा नाही, ही इंदुताई खरमाट्यांच्या आखाड्याची शिस्त. त्यामुळे मंडळाचे अध्यक्ष जयसिंगराव मेव्हण्याच्या कारखान्यातले रबरी पट्टे घेऊन आले, तेव्हा बाईंचं डोकंच फिरलं.

"हा मनगटात घातला की तोल जात नाही, कंबर हवी तशी लवते," जयसिंगराव म्हणाले. "जिच्याकडे पट्टा नाही, ती संघात नाही!"

त्यांनी प्रयोगही करून दाखवला. आखाड्यातल्या केतकीला एका पायावर उभं करून हात दाबला, तर ती कोलमडली. पट्टा घालून पुन्हा दाबला, तर ठाम उभी!

दुसऱ्या वेळी कुणीही सावध उभं राहील, आणि असल्या थोतांडावर माझ्या मुलींची निवड? बाई आतून धुमसत होत्या. तरी शांतपणे म्हणाल्या, "साहेब, पट्टे द्या आणि जरा बाहेर थांबा. सहा जणींच्या मनगटांना रुमाल बांधते. कुणाच्या रुमालाखाली पट्टा आहे, ते हात दाबून ओळखा."

जयसिंगराव आत आले आणि सहाही हात दाबून छातीठोकपणे म्हणाले, "केतकी, रेवा आणि ही उंच मुलगी. पट्ट्याची ताकद लपत नाही!"

बाईंनी रुमाल सोडले. सहाही मनगटं मोकळी होती.

"मग माझे पट्टे कुठे गेले?" अध्यक्ष ओरडले.

बाईंनी वर बोट दाखवलं. सगळे पट्टे मल्लखांबाच्या मानेत अडकवले होते.

"त्याला घातलेत, साहेब. तोल बघा कसा पक्का आहे! आता कंबर तेवढी लवली, की घ्या त्यालाच संघात."