पुसलेली चीर

एकदा एका उस्तादांनी आपल्या शिष्याची मोठी चूक पाहिली आणि ते रागावलेच नाहीत. शिष्याला त्याचीच अधिक भीती वाटली.

उस्ताद धातूला झिलई देणारे वयोवृद्ध कारागीर होते. शिष्य मुकुंद हुशार, पण जरा उतावळा. काम चकाकलं की संपलं, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. तरुण वयात अशा समजुती असायच्याच.

एक गृहस्थ वडिलांची जुनी मोटारसायकल घेऊन आले. वडिलांची, म्हणजे नानांची, दृष्टी काचबिंदूने गेली होती, तरी ते रोज अंगणात गाडीपाशी बसून तिच्यावर हात फिरवत. इंजिनाची ॲल्युमिनियमची झाकणं पांढुरकी पडली होती. ती नव्यासारखी करून द्या, नानांना बरं वाटेल, असं मुलाचं म्हणणं. उस्तादांनी ते मुकुंदवर सोपवलं. त्याचं हे पहिलंच स्वतंत्र काम.

मुकुंदने जीव ओतला. झाकणं उतरवली, जुन्या लॅकरचा थर काढला, आधी खरखरीत आणि मग बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून मारला, शेवटी बफच्या, म्हणजे झिलईच्या कापडी चाकावर धरली. उजव्या झाकणावरच्या एका खोल चिरेने त्याला फार छळलं. पण तोही हट्टाला पेटला. बोटालासुद्धा लागणार नाही अशी ती त्याने घालवली. झाकणात तोंड दिसू लागलं.

गाडी न्यायला नानाही आले. त्यांची बोटं झाकणावरून फिरली, थांबली, पुन्हा फिरली. मग ते मुलाला हळूच म्हणाले, "ही कुणाची रे? आपली कुठाय?"

मुलगा समजावत राहिला, तेव्हा सारं कळलं. लग्नानंतर प्रथमच बायकोला माहेरी नेताना दोघं खडीवर घसरून पडले होते. चीर त्या दिवसाची. बायको आता हयात नव्हती.

मुकुंद कानस घेऊनच उस्तादांकडे आला. जागा नीट आठवते, तशीच चीर पुन्हा पाडून देतो, म्हणू लागला. उस्तादांनी कानस काढून घेतली आणि एक चमत्कारिक गोष्ट केली. बारीक पेपर मारून त्या झाकणाची सगळी चकाकी घालवली. मग नानांना स्टुलावर बसवलं, मांडीवर झाकण आणि हातात पॉलिश लावलेलं मऊ फडकं दिलं, आणि हे शेवटचं काम तुम्हीच करा, अशी विनंती केली. मुलाला ते आवडलं नाही. आंधळ्या माणसाला कामाला लावता, असं तो बोलूनही गेला. नाना मात्र घासू लागले होते.

मग ते रोज येऊ लागले. घासता घासता बायकोच्या गोष्टी सांगत. पडल्यावर ती रडायची सोडून हसत कशी सुटली, तेही. मुकुंद ऐकत राही. शेवटी न राहवून त्याने उस्तादांना विचारलं की, चीरच पाडून दिली असती तर काय बिघडलं असतं?

उस्ताद म्हणाले, "ती तुझी चीर झाली असती. नानांच्या हाताला ते कळलं असतं, आणि मग बाकीच्या गाडीवरचाही विश्वास उडाला असता. जे पुसलं गेलं, ते परत आणणं माझ्याही हातात नाही. पण माणूस ज्याच्यावर आपला हात झिजवतो, ते त्याचं होतं. म्हणून त्यांच्यासाठी थोडं काम शिल्लक ठेवलं."

त्या दुपारी मुकुंद नानांच्या पायाशी बसला. "नाना, चीर मी घालवली," एवढंच त्याला बोलता आलं. नानांनी चाचपडत त्याचा अंगठा धरला आणि गुळगुळीत झाकणावर एका जागी टेकवला.

"इथं होती," ते म्हणाले. "आता दोघांना ठाऊक आहे." मग मुलाला हाक मारून म्हणाले, "झाकण बसवून घे रे. आपली गाडी घरी नेऊ."

मुकुंद पुढे स्वतः उस्ताद झाला. जुनी वस्तू घेऊन कुणी आलं की पेपर हातात घेण्याआधी तो अजूनही विचारतो, "यातलं काय ठेवायचं?"