गुंजीचा दांडू कुठं अडला?

या, इकडे या. जवळ बसा. कान टवकारा. अगदी उंदरासारखे!

एक उंदरी होती. केवढी? तुमच्या अंगठ्याएवढी. नाव तिचं गुंजी.

गुंजीची एक विटी होती. जिऱ्याएवढी. दोन्हीकडून टोकदार. आणि एक दांडू होता. काडेपेटीतल्या काडीएवढा. गुंजीच्या मुठीत बरोब्बर मावायचा.

एकदा सशांनी तिला खेळायला बोलावलं. लांबच्या माळावर. इतक्या लांब, की विमानानंच जायचं!

सशांनी सांगितलं, "उन्हं असेपर्यंत तुझा डाव राखून ठेवू. उन्हं गेली, की डाव गेला."

सशांचे दांडू हे एवढाले! गुंजीला उचलवायचेसुद्धा नाहीत. म्हणून आपला दांडू न्यायलाच हवा.

आईनं दांडू गुंडाळला. आधी कापूस. मग फडकं. मग सुतळी. वर नाव-गावाची चिठ्ठी.

"आता आपटला तरी मोडायचा नाही," आई म्हणाली.

विटी गेली गुंजीच्या खिशात. दांडू गेला विमानाच्या पोटात.

घूंऽऽऽ! विमान उडालं.
घूंऽऽऽ! विमान उतरलं.

सामानाचा पट्टा फिरू लागला. गर्र गर्र, गर्र गर्र. कोंबडीची पेटी आली. बोकडाची वळकटी आली. बदकाची छत्री आली. पट्टा थांबला.

आणि दांडू? दांडू आलाच नाही!

गुंजीचं नाक लाल झालं.

आई म्हणाली, "रडून दांडू येत नाही, बाळा. विचारून येतो. मी इथं पट्ट्याशी थांबते. तू जा, विचारून ये."

गुंजी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

पट्ट्याच्या टोकाला होते कासवकाका. पट्टा फिरवायचं काम त्यांचं.

"कासवकाका, कासवकाका, पट्टा फिरवा.
दांडू नाही, तर डाव नाही!"

कासवकाका म्हणाले, "मी… नाही… फिरवणार… जा. रिकामा पट्टा कशाला फिरवू? गाढवदादा गाडी आणेल, तर फिरवीन."

गुंजी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

गाढवदादा गाडीला टेकून उभा होता. गवत चघळत होता. कचर मचर, कचर मचर.

"गाढवदादा, गाढवदादा, गाडी आणा.
गाडी नाही, तर पट्टा नाही.
पट्टा नाही, तर दांडू नाही.
दांडू नाही, तर डाव नाही!"

गाढवदादा म्हणाला, "मी नाही आणणार जा! रिकामी गाडी कशाला ओढू? हत्तीमामा ओझं ठेवेल, तर आणीन."

गुंजी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

हत्तीमामा विमानाखाली उभा होता. कान हलवत होता. फटक फटक, फटक फटक.

"हत्तीमामा, हत्तीमामा, ओझं ठेवा.
ओझं नाही, तर गाडी नाही.
गाडी नाही, तर पट्टा नाही.
पट्टा नाही, तर दांडू नाही.
दांडू नाही, तर डाव नाही!"

हत्तीमामा म्हणाला, "मी नाही ठेवणार जा! कुठं जायचंय ते कळल्याशिवाय कसं ठेवू? घुबडआजी चिठ्ठी वाचेल, तर ठेवीन."

गुंजी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. आता मात्र पाय दुखायला लागले होते बरं का!

घुबडआजी टेबलापाशी बसली होती. नाकावर चष्मा. आणि टेबलावर काय? दांडू! गुंजीचा दांडू! गुंजीनं हात पुढं केला.

"घू घू! थांब," घुबडआजी म्हणाली. "चिठ्ठी वाचल्याशिवाय इथून काडीसुद्धा हलत नाही."

गुंजीनं हात मागं घेतला.

"घुबडआजी, घुबडआजी, चिठ्ठी वाचा.
चिठ्ठी नाही, तर ओझं नाही.
ओझं नाही, तर गाडी नाही.
गाडी नाही, तर पट्टा नाही.
पट्टा नाही, तर दांडू नाही.
दांडू नाही, तर डाव नाही!"

घुबडआजी म्हणाली, "मी नाही वाचणार जा! एका दांडूला दोन चिठ्ठ्या! एक म्हणते, इकडे. एक म्हणते, तिकडे. मी ऐकू कुणाचं? माकडमावशी एकीची गाठ सोडेल, तर वाचीन."

गुंजी वळली. तुरुतुरु, तुरुतुरु.

माकडमावशी तिथल्याच खिडकीत बसली होती. सुतळ्या गुंडाळत होती. तिच्याइतक्या भरभर गाठी कुणालाच सुटत नसत.

"माकडमावशी, माकडमावशी, गाठ सोडा.
गाठ सुटत नाही, तर चिठ्ठी नाही.
चिठ्ठी नाही, तर ओझं नाही.
ओझं नाही, तर गाडी नाही.
गाडी नाही, तर पट्टा नाही.
पट्टा नाही, तर दांडू नाही.
दांडू नाही, तर डाव नाही!"

"हुप्प! मी नाही सोडणार जा!" माकडमावशी म्हणाली. "दुसऱ्याच्या वस्तूला मी विचारल्याशिवाय बोट लावत नाही. दांडू कुणाचा?"

"माझा."

"मग तू सोड म्हणशील, तर सोडीन. कुठली सोडू?"

गुंजीनं टेबलावरच्या दांडूकडे पाहिलं. एक चिठ्ठी होती नवी. पांढरीशुभ्र. ती इथली.

दुसरी होती जुनी. चुरगळलेली. फडक्यातून बाहेर लोंबणारी. ती आजोळहून घरी येतानाची. मागच्या खेपेला आजीनं ती बांधली होती. आपल्या हातानं, दोन गाठी मारून. घरी आल्यावर आई म्हणाली होती, "आता ती काढ गं." पण गुंजीनं काढलीच नव्हती. आजीची गाठ होती ना ती! दांडू हलला, की ती भिरभिरायची. गुंजीला फार फार आवडायची.

"जुनी सोडायची? नाही!" गुंजी म्हणाली. "मी नाही सोडू देणार जा!"

घ्या! आता आली का पंचाईत? सगळे नाही म्हणाले होतेच. आता गुंजीसुद्धा नाही म्हणाली.

खिडकीतून ऊन येत होतं. पिवळं पिवळं. तिरपं तिरपं. उन्हं उतरायला लागली होती.

गुंजी खाली बसली. शेपटी मांडीवर घेतली. आणि बोलू लागली. कुणाशी? स्वतःशीच. अगदी हळू.

"गुंजी, गुंजी, सोड म्हण.
सोड म्हणत नाही, तर गाठ सुटत नाही.
गाठ सुटत नाही, तर चिठ्ठी नाही.
चिठ्ठी नाही, तर ओझं नाही.
ओझं नाही, तर गाडी नाही.
गाडी नाही, तर पट्टा नाही.
पट्टा नाही, तर दांडू नाही.
दांडू नाही, तर डाव नाही…"

गुंजीनं शेपटी सोडली.

"अगंबाई!" ती म्हणाली. "सगळ्यांच्या आधी मीच की!"

तिला आजीची आठवण आली. खूप आली. डोळ्यांत पाणी आलं.

"मावशी, आजीची गाठ सोडली, तर आजी रागवेल?"

माकडमावशीनं विचारलं, "आजीनं गाठ कशाला मारली होती गं?"

"दांडू हरवू नये म्हणून," गुंजी म्हणाली.

माकडमावशीनं नुसतं डोकं खाजवलं.

गुंजीनं टेबलावर अडलेल्या दांडूकडे पाहिलं. मग तिनं डोळे पुसले. एक पुसला. दुसरा पुसला.

"सोडा, मावशी," ती म्हणाली.

मावशीनं हलकेच गाठ सोडली. एक गाठ, सुर्र! दुसरी गाठ, सुर्र! जुनी चिठ्ठी तिनं गुंजीच्या हातावर ठेवली. गुंजीनं तिची घडी केली आणि खिशात ठेवली.

मग काय झालं?

गाठ सुटली, घुबडआजीनं चिठ्ठी वाचली.
चिठ्ठी वाचली, हत्तीमामानं ओझं ठेवलं. सोंडेच्या अगदी टोकानं हं!
ओझं ठेवलं, गाढवदादानं गाडी आणली. खडखड, खडखड.
गाडी आली, कासवकाकांनी पट्टा फिरवला. गर्र गर्र, गर्र गर्र.
पट्टा फिरला, दांडू आला!

एवढा मोठा पट्टा. त्यावर एवढासा दांडू. आला ऐटीत!

"आला गं बाई एकदाचा!" आई म्हणाली.

तिनं सुतळी सोडली. फडकं काढलं. कापूस काढला. ना ओरखडा, ना चीर.

"पळ आता!" आई म्हणाली.

गुंजी पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु. माळ आला. ससे आले. ऊन अजून होतं. पण थोडंच. गवताच्या शेंड्यांवर.

"किती उशीर!" थोरला ससा म्हणाला. "कुणी अडवलं तुला? कासवानं?"

"नाही."

"गाढवानं?"

"नाही."

"हत्तीनं? घुबडानं? माकडानं?"

"नाही."

"मग कुणी?"

गुंजीनं खाली पाहिलं. मग वर पाहिलं.

"मीच," ती म्हणाली.

ससा बघतच राहिला. त्याचा एक कान वर झाला. मग दुसराही झाला.

"बरं," तो म्हणाला. "ये. डाव तुझा."

गुंजीनं विटी ठेवली. दांडू उचलला. मुठीत बरोब्बर मावला. आणि हाणला टोला.

टण्ण!

विटी गेली लांब लांब,
गोष्टी, आता इथंच थांब.