शेजारणीच्या खिडक्या

एका गावात एक हलवाई होता, आणि त्या हलवायाच्या डोक्यात आणखी एक गाव वसलेलं होतं. त्या गावात राहायच्या मेंदूतल्या पेशी. घराजवळ घर, पण दोन घरांमध्ये केसाहून बारीक बोळ. तो ओलांडायची कुणालाच मुभा नव्हती. घरातल्या घरात निरोप विजेसारखा धावे, बोळाशी आला की अडे. मग पेशी रसाच्या पुड्या पलीकडे फेकायच्या. शेजारणीच्या खिडकीत पुडी नेमकी बसली, की तिला निरोप कळे आणि ती पुढे धाडे. काम झालं की फेकणारीनं आपल्या पुड्या उचलून घरात न्यायच्या, अशी गावाची रीत.

त्यातल्या एका पेशीकडे गोडाचं काम होतं. हलवायानं जिलबी चाखली, की ती पुड्या फेकी, "छान झालीये!" पलीकडची शेजारीण ते पुढे कळवी आणि हलवाई मान डोलावी.

एके दिवशी पेशीच्या मनात आलं, इतकी चांगली बातमी लगेच उचलायची कशाला? राहू दे शेजारणीच्या दारात. त्या दिवशी हलवाई कारल्याची भाजी खाऊनही "वाहवा!" म्हणाला. हलवाईण त्याच्या कपाळाला हात लावून बघू लागली.

पेशीला चेव चढला. दुसऱ्या दिवशी दुप्पट पुड्या, तिसऱ्या दिवशी चौपट.

शेजारीण ओरडली, "अगं बाई, कळलं! गोड आहे, कळलं! उचल की आता!"

"चांगलं बोलणं कानावर पडत राहिलेलं बरं असतं, वहिनी."

बाजारात दिवसभर कर्णा लावणाऱ्या दुकानदारालाही असंच वाटतं. गिऱ्हाईक मात्र त्याच्या दारावरून जाताना कानात बोटं घालतं. शेजारणीनंही तेच केलं. एकेक करून तिनं खिडक्या लिंपून टाकल्या.

आता हलवाई जिलबी चाखी, तर काहीच वाटेना. त्यानं पाकात साखर वाढवली. मग आणखी वाढवली.

रोजचं गिऱ्हाईक म्हणालं, "शेठ, जिलबी आहे की साखरेचं वेटोळं? माश्यासुद्धा लांबून नमस्कार करतायत!"

गावच्या पाटलांकडे आठ दिवसांवर मुलीचं लग्न होतं आणि पंगतीची जिलबी याच हलवायाकडे सांगितली होती. पाटलांनी जिलबीचा एक घास घेतला आणि वर तांब्याभर पाणी घशाखाली घातलं. "लग्नाच्या सकाळी परत चाखेन. जमली तर ठीक, नाहीतर पंगतीला बुंदी. आणि ती तुमच्या हातची नाही."

हलवाईण म्हणाली, "आठ दिवस गोडाचा कण जिभेवर ठेवायचा नाही. शेव तळा."

इकडे डोक्यातल्या गावात पेशी घाबरली. "वहिनी, बहिऱ्या झालात का हो?"

"बहिरी नाही, बेजार झालेय. आधी बोळ झाड. मग गप्प बस."

"किती दिवस?"

"मला तुझी आठवण येईपर्यंत."

पेशीनं मुकाट्यानं सगळा पसारा उचलला. पाचव्या दिवशी हलवायानं चोरून साखरेच्या डब्यात बोट घातलं. पेशीनं सवयीनं ओंजळ भरली, उगारली. मग लिंपलेल्या खिडक्यांकडे पाहिलं आणि चारच पुड्या फेकल्या. लगेच उचलल्याही. थोड्या वेळानं पलीकडून लिंपण खरवडल्याचा आवाज आला.

लग्नाच्या सकाळी हलवायानं सवयीच्याच वाढीव साखरेच्या पाकातून पहिली जिलबी काढून तोंडात टाकली. पेशीनं बेतानं पुड्या फेकल्या. समोर साऱ्या खिडक्या उघड्या होत्या.

हलवायाचे डोळे विस्फारले. "अगं, केवढी ही साखर! हे मी लोकांना खाऊ घालत होतो?"

"आणि वर आग्रह करून!" हलवाईण म्हणाली.

त्यानं पाक बदलला. पाटलांनी नवी जिलबी चाखली आणि लगेच दुसरी उचलली. बोळात तोवर पेशीनं पुड्या गोळा केल्या होत्या.

शेजारीण खिडकीतून डोकावून म्हणाली, "काय गं, आज लवकर आवरलंस? अजून एकदा सांग ना, कशी झालीये?"

तात्पर्य: गोड बोलणंही पोचलं की आवरतं घ्यावं. ऐकणाऱ्याला उसंत मिळाली, की तो आपणहून खिडकी उघडतो.