सारजाच्या मापाच्या बांगड्या

ठकूचं कुणी खरं मानलं नाही. सख्ख्या आईनंसुद्धा नाही. मानलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण बाईचं खरं मानायची रीत तेव्हाही नव्हती.

फार फार जुनी गोष्ट. एका गावात लिंबाजी नावाचा कासार होता. त्याची बायको सारजा ऐन तारुण्यात मेली. तीस वर्षं तो झुरला. मग त्यानं ठकूशी लग्न केलं. तांदळाच्या ताटात नवरीचं नवं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा त्यानं बोटानं लिहिलं, 'सारजा'.

वऱ्हाडातल्या बाया डोळे पुसत म्हणाल्या, नवरा असावा तर असा. मेलेलीचं नाव जितीला देतात का, हे एकीनंही विचारलं नाही.

घरी ठकूला सारजाचं लुगडं, सारजासारखा अंबाडा आणि सारजाच्या मापाच्या बांगड्या. ठकूचा हात थोराड, कामाचा. लिंबाजी त्याला तेल चोळायचा, अंगठा आत मुडपायचा आणि लहान बांगडी वर रेटायचा. काच फुटायची, रक्त यायचं.

"बसेल," तो म्हणायचा. "सारजाला बसायची."

एके दिवशी भर दुपारी त्यानं ओट्यावरून हाक मारली. ठकू तोंड उघडणार, तोच माजघरातून 'ओ' आली. माजघरात कुणी नव्हतं.

शेजारणींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, नव्या नवरीचे नखरे. माहेरी जाऊन सांगितलं, तर आईनं सवतीचा चांदीचा टाक करून आणला. तो गळ्यात असला की मेलेली सवत शांत बसते म्हणे.

"ती बसेल गं आये," ठकू म्हणाली. "पण हा दिवसातून दहादा तिला उठवतोय. त्याला कोण बसवणार?"

जावयाचा दोष आईनं मानला नाही. टाक गळ्यात बांधला आणि लेकीला परत धाडलं.

'ओ' जवळ येत गेली. आधी चुलीपासून, मग ठकूच्या पाठीमागून. शेवटी ती ठकूच्या घशातून आली, आणि ठकूचे ओठ तर मिटलेले होते.

त्या दिवशी बांगडी तेलावाचून सरकली. मनगट बारीक, बोटं निमुळती. ठकूला आपलाच हात ओळखू येईना. आपलं जुनं नाव आठवायला गेली, तर तेही सापडेना.

लिंबाजी रडला. "आलीस," म्हणाला. "तीस वर्षं वाट पाहिली तुझी."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. पांढऱ्या मिशा, पडलेले दात. मग पदर सावरून, परक्या पुरुषाशी बोलावं तसं विचारलं, "आजोबा, आमचे धनी कुठं गेलेत? काळेभोर केस त्यांचे."

"अगं, मीच तो."

"या वयात थट्टा शोभत नाही," ती म्हणाली, आणि नवऱ्याला शोधायला घराबाहेर पडली.

दारोदार विचारत गेली. आईच्या दारीही गेली. आईनं "ठकू" म्हणून हंबरडा फोडला, तर ही हळहळून म्हणाली, लेक हरवलीय का तुमची? आणि पुढं चालू लागली. वेस ओलांडली ती ओलांडलीच. लिंबाजीची एक गेली होती, आता दोघी गेल्या.

तेव्हा कुठं गावाला पटलं. मग दोष द्यायची घाई. कुणी टाकाला दिला, कुणी आईला, बहुतेकांनी भुताला.

गेलेल्या माणसाला आठवावं. जित्या माणसाला मोडून त्याच्या मापाचं करू नये.

आणि ठकूला कुणी खाल्लं म्हणून कुणी विचारलं, तर सारजाचं नाव घेऊ नका. ती बिचारी कधीच मरून सुटली होती. खाणाऱ्याचं नाव लिंबाजी.