तुळशीचं एक पान

फार वर्षांमागं एका खारूताईनं नेम केला होता, शेजारून आलेलं ताट रिकामं परत पाठवायचं नाही. त्या वर्षी तिची सासू गेली, म्हणून दिवाळीला घरात फराळाची कढईच चढली नाही. शेजारच्या साळुंकीवहिनी करंज्या-चकल्यांचं ताट घेऊन आल्या.

खारूताई रडवेली झाली. "वहिनी, न्या हो परत. ताटात घालायला घरात साखरसुद्धा नाही. माझा नेम मोडेल."

"अगं, साखर मागितली कुणी? तुझ्या तुळशीचं पान घाल. माझा नैवेद्य अडलाय त्यावाचून!"

खारूताईनं डोळे पुसले, ताटात पान ठेवलं. वहिनींच्या अंगणात तुळशीचं बनच होतं, हे तिला ठाऊक होतं.

बायांनो, दुःखाच्या घरी फराळ न्याल, तेव्हा असंच काही मागूनही आणा.