देवाशी कट्टी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा समुद्र गावाच्या अगदी अंगणापर्यंत यायचा, असं जुनी माणसं सांगतात.

त्या किनाऱ्यावर होड्या बांधणारा एक म्हातारा सुतार राहत होता. त्याचा हात इतका पक्का, की त्याच्या होडीतून गेलेल्या माणसाची घरचे काळजी करत नसत. पण एका वादळात त्याचा एकुलता एक मुलगाच बापाने बांधलेल्या होडीतून गेला. ना होडी सापडली, ना मुलगा.

त्या दिवशी म्हाताऱ्याने वाकस आणि रंधा, सगळी हत्यारं गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकले. किनाऱ्यावर शेंदूर लावलेला दगडाचा गावदेव होता. पूर्वी त्याला फूल वाहिल्याशिवाय म्हातारा कामाला हात लावत नसे. आता त्या वाटेनेही जाईना. गावातल्या जुन्या होड्यांच्या फळ्या कुजत चालल्या होत्या. नवी होडी बांधून दे, म्हणून लोकांनी किती विनवण्या केल्या. तो नुसती मान हलवायचा आणि समुद्राकडे पाहत बसायचा.

त्याच्या मुलाची मुलगी आता पाच वर्षांची झाली होती. तिच्या बोलण्याला शेंडा ना बुडखा. खेकड्याला कुणी सरळ रस्ता दाखवलाच नाही, म्हणून तो तिरका चालतो, असं ती सांगायची. बाबांना उशीर का होतोय, हेही तिला ठाऊक होतं. समुद्र फार मोठा आहे ना, त्यात नुसतं वळायलाच कितीतरी दिवस लागतात. ऐकणारे हसायचे, मग तोंड फिरवून डोळे पुसायचे.

एके दिवशी तिने विचारलं, की सगळे देवाकडे जातात, आपणच का जात नाही. म्हातारा म्हणाला, “माझी त्याच्याशी कट्टी आहे.”

“कधीपासून?”

“तीन वर्षं झाली.”

नात थक्क झाली. तिची कट्टी फार तर जेवणापर्यंत टिकायची. ती म्हणाली, “पण आजोबा, देवाला हातच नाहीत. तो बट्टी कशी घेणार? आपल्यालाच जायला हवं.”

म्हातारा हसला. देवाने आपल्याला काहीतरी सांगावं म्हणून तो इतके दिवस अडून बसला होता. आणि देव तिकडे उन्हापावसात एकटाच बसून होता.

तो नातीचं बोट धरून गेला. त्याने काही मागितलं नाही. नुसता देवाशेजारी बसून राहिला. घरी आल्यावर मात्र त्याने माळ्यावरून गोणपाट खाली काढलं.

होडी बांधायला सहा महिने लागले. प्रत्येक फळी ठोकताना त्याला मुलगा आठवायचा. तरी तो ठोकत राहिला.

पुढच्याच वर्षी पुन्हा तसंच वादळ आलं. सात माणसं नव्या होडीतून समुद्रात होती. तिसऱ्या दिवशी सकाळी होडी परतली. शीड फाटलं होतं, पण सातही माणसं सुखरूप होती. पोरं धावत सुटली. त्यांच्याबरोबर नातही धावली. गुडघाभर पाण्यात उभी राहून तिने एकेक चेहरा पाहिला आणि हळूहळू परत आली.

“यात बाबा नाहीत,” ती म्हणाली.

“नाहीत, बाळा.”

शेजारची मुलगी आपल्या वडिलांच्या खांद्यावर बसून घरी चालली होती. तिच्याकडे पाहत नात म्हणाली, “आज हिच्या बाबांची पाळी होती.”

म्हाताऱ्याने तिला छातीशी धरलं.

त्याचा मुलगा कधीच परतला नाही. म्हाताऱ्याची नजर शेवटपर्यंत समुद्रावर लागलेली होती. पण त्याचे हात पुन्हा थांबले नाहीत, आणि त्या गावात कितीतरी लेकरांचे बाबा घरी येत राहिले.

लहानथोरांनो, एवढं मनात ठेवा: आपलं माणूस परतलं नाही, तरी दुसऱ्याचं परतावं म्हणून झटणं, हीच खरी श्रद्धा.